उन्हाळ्याची तयारी : कूलर, घर आणि आपला जीव



होळीची राख थंड होते न होते तोच आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागातील घराघरांत एक ठरावीक खडखडाट ऐकू येऊ लागतो. मागच्या पडवीत आठ महिने पडून असलेला पत्र्याचा कूलर ओढून अंगणात आणला जातो. त्याच्यावरची धूळ झटकली जाते, कधी आतून एखादे उंदराचे बीळ वा गांधीलमाशीचे पोळे निघते, बाजारातून नव्या ताट्या येतात, टाकीत पाणी पडते आणि वायर भिंतीतल्या प्लगात खोचली जाते. पंखा फिरला, म्हणजे देखभाल झाली, असे आपण समजतो. उपवासकाळ चालू असतो, मुलांच्या परीक्षा असतात, गावाकडे मोह वेचणीची धांदल असते. इतक्या कामांत कूलरकडे कोण पाहणार?

परंतु पाहावे लागते. आपला प्रदेश देशातील अति उष्ण प्रदेशांपैकी एक आहे. मे २०१९ च्या अखेरच्या आठवड्यात चंद्रपूरचे तापमान ४८ अंश सेल्सिअसवर गेले होते. एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे नवतपा लागण्याच्या महिनाभर आधीच, ते ४५ अंशांच्या पुढे होते. ब्रह्मपुरीचे नावही दरवर्षी वर्तमानपत्रांत असतेच. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, भूमीची उंची कमी, आणि पश्चिमेकडून येणारे वारे वाटेत कोरडे ठणठणीत झालेले. अशा हवेत वृद्ध, रुग्ण आणि तान्ह्या बाळांसाठी घर थंड ठेवणे ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. मात्र ज्या यंत्राने आपण घर थंड करतो, त्या यंत्रात पाणी आणि वीज एकाच पत्र्याच्या पेटीत शेजारी-शेजारी नांदत असतात. दर उन्हाळ्यात विदर्भातील वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात, आणि दर उन्हाळ्यात महावितरणला त्याविषयी सूचना काढाव्या लागतात. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम कूलर काम कसे करतो ते समजून घेऊ, कारण ते समजले की देखभालीचे निम्मे नियम आपोआप कळतात. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेते. विजेच्या हिशेबात सांगायचे तर एका युनिटाच्या दोन-तृतीयांश इतकी. मडक्यातले पाणी गार होते ते याच नियमाने. कूलरमध्ये पंप ताट्यांवर पाणी सोडतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांतून आत ओढतो, आणि पाण्याला वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता त्या हवेतूनच जाते. बाहेर ४४ अंश तापमान आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या स्थितीतील कूलर २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. तोच कूलर मृगाचा पाऊस पडून गेल्यावर, ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत, जेमतेम चार अंशांचा फरक पाडतो आणि अंग मात्र चिकचिकीत करतो. यात कूलरचा दोष नाही. हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर ती आणखी पाणी घेणार कोठून?

यातूनच दुसरी गोष्ट निघते. कूलर बंद खोलीत चालवणे व्यर्थ आहे. आत आलेली ओलसर हवा बाहेर जाण्यासाठी समोरची खिडकी किंवा दार हातभर उघडे हवे. नाही तर तासाभरात खोलीतच पावसाळा होतो. कूलरचा अर्धा भाग बाहेर आणि तोंड आत, ही आपल्याकडची खिडकीतली मांडणी अगदी शास्त्रशुद्ध आहे. पुष्कळ जण नवा प्लास्टिकचा कूलर आणून तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवतात आणि "पूर्वीसारखा गारवा येत नाही" अशी तक्रार करतात, तेव्हा मला त्या जुन्या पत्र्याच्या कूलरची आठवण होते.

ताटी हा शब्दही जुना आहे. वाळ्याच्या मुळ्यांच्या ताट्या दारा-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत मोगल काळात होती. वाळ्याच्या अशा गार खोल्यांचा उल्लेख 'आईन-ए-अकबरी'त आहे. कूलर म्हणजे त्याच ताटीला जोडलेला पंखा आणि पंप, एवढेच. आणि आपल्या आदिवासी व शेतकरी घरांना तर विजेवाचून गारवा राखण्याची कला ठाऊकच होती. जाड मातीच्या भिंती, उतरते कवेलूचे छप्पर, शेणाने सारवलेली भुई आणि अंगणात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव. त्या घरालाही दरवर्षी देखभाल लागे. पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागत, वानरांनी फोडलेले बदलावे लागत, भिंती लिंपाव्या लागत. आता घरकुल योजनेतून पक्के स्लॅबचे घर आले. ते पावसाला खंबीर, पण दिवसभर तापून रात्रभर उष्णता ओकणारे. अशा स्लॅबवर मार्चमध्ये चुन्याचा पांढरा हात फिरवला तर ऊन परतवले जाते आणि खोलीचा ताप काही अंशांनी उतरतो. टिनाच्या पत्र्यावरही हेच करता येते. पूर्व विदर्भात कोणी कोणी पत्र्यावर तणस पसरतात. त्याने सावली मिळते खरी, पण चुलीची ठिणगी उडाली तर काय होईल याचा विचार आधी करावा. हा खर्च कूलरच्या वीजबिलापुढे नगण्य आहे, आणि वीज गेली तरी चुना आपले काम करीत राहतो. आपल्या दुर्गम गावांत हा मुद्दा लहान नाही.

आता मुख्य विषयाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या मिशन केंद्रात होतो, तेथे जेवणघराच्या खिडकीत एक जुना पत्र्याचा कूलर होता. त्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या येत. आम्ही सर्व जण ते जाणून होतो. नवीन कोणी आले की, "जरा जपून, थोडा झटका देतो तो," असे हसून सांगत असू. दुपारी त्यात पाणी भरण्याचे काम वसतिगृहातील एक मुलगा करीत असे, तोही अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहून. एके दिवशी दुसऱ्याच कामासाठी आलेल्या वायरमनने कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर लख्ख पेटला. त्याने काही न बोलता मेन स्विच बंद केला आणि मग मला प्लग दाखवला. भिंतीतल्या सॉकेटला दोनच छिद्रे होती, म्हणून कोणीतरी तीन पिनांचा प्लग काढून दोन पिनांचा बसवला होता आणि हिरवी वायर कापून टाकली होती. "फादर, हा पोरगा वाचला तो नशिबानं," तो म्हणाला. त्या मुलाला पाणी भरायला मीच सांगत असे. ते वाक्य मला अजून विसरता आलेले नाही.

झिणझिण्या आणि मृत्यू यांत विजेच्या दृष्टीने फार अंतर नसते. वीज तीच असते, अंतर असते ते तिच्या वाटेत. कोरड्या त्वचेचा विरोध मोठा असतो, काही हजार ते लाखभर ओहमपर्यंत. पायात चप्पल आणि खाली कोरडी जमीन असेल तर शरीरातून चार-पाच मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि आपल्याला मुंग्या आल्यासारखे वाटते. हात ओले, पाय उघडे आणि फरशी ओली असेल तर शरीराचा विरोध सुमारे हजार ओहमपर्यंत उतरतो. मग २३० व्होल्टवर दोनशेहून अधिक मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. हृदयाची लय बिघडायला त्याच्या चौथा हिस्साही पुरे होतो. म्हणजे काल ज्याने आपल्याला गुदगुल्या केल्या, तोच कूलर आज पाणी भरणाऱ्याचा जीव घेऊ शकतो. कूलरजवळची जमीन तर ओली असतेच. पाणी भरताना ते सांडतेच. आणि ज्या लोखंडी खिडकीला तो टेकलेला असतो, त्या खिडकीच्या गजांतही वीज उतरते. बाहेरून गजाला धरून आत डोकावणारे मूल कूलरला हातही लावत नाही, तरी धोक्यात असते.

वीज पत्र्यात येते कशी? बहुतेक वेळा पंपातून. कूलरचा छोटा पंप पाण्यात बुडूनच चालतो. त्याची तारेची गुंडाळी राळेसारख्या लेपात बंद केलेली असते. टाकीतले पाणी संपले आणि पंप कोरडाच चालत राहिला तर तो तापतो आणि हा लेप तडकतो. एप्रिलमध्ये दुपारच्या झोपेत पंप दोन तास कोरडा चालला, तर त्याचा परिणाम मे महिन्यात टाकीतल्या पाण्यात वीज उतरण्यात होऊ शकतो. दुसरे कारण म्हणजे पंपाच्या वायरीला टाकीतच दिलेला जोड. त्यावर काळी चिकटपट्टी कितीही गुंडाळली तरी पाणी तिच्यात शिरतेच. पाण्याखाली जोड नसावा. वायर अखंड असावी, आणि ती तुटकी असेल तर पंपच बदलावा. तिसरे कारण उंदीर. पडवीत पडून असलेल्या कूलरची वायर कुरतडली गेलेली असते आणि तो भाग नेमका पत्र्याला टेकलेला असतो.

यावर उपाय तीन आहेत, आणि ते तिन्ही एकत्र हवेत. प्लग तीन पिनांचाच असावा. त्याची वरची जाड पिन इतर दोहोंपेक्षा लांब असते, ती उगीच नव्हे. वीज येण्याआधी अर्थिंगची जोडणी व्हावी आणि वीज गेल्यानंतरच ती सुटावी, यासाठी ती लांब ठेवलेली असते. त्या पिनेची हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट जोडलेली हवी, आणि तेथला रंग वा गंज खरवडून काढलेला हवा.

पण पिन असली तरी भिंतीमागे अर्थिंग खरोखर आहे काय, हा प्रश्न उरतोच. पुष्कळ घरांत सॉकेटला तिसरे छिद्र असते आणि त्याच्या मागे काहीच नसते. अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली नळी वा पट्टी, सभोवती कोळसा आणि मीठ. येथे आपल्या प्रदेशाची एक खास अडचण ध्यानात घ्यावी लागते. वीज जमिनीत जिरते ती ओलाव्याच्या आधाराने. मे महिन्यात जमीन सुकून भेगाळली की तेच अर्थिंग निकामी होते. म्हणजे वर्षात ज्या चार महिन्यांत कूलर चालतो, नेमक्या त्याच महिन्यांत आपले अर्थिंग सर्वांत दुबळे असते. म्हणून मार्चपासून मृगापर्यंत आठवड्यातून एक-दोनदा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावे. त्याला काही पैसे पडत नाहीत. आमच्या आवारात आता बागेला पाणी घालणारा माणूस शेवटची बादली तेथेच रिकामी करतो.

तिसरी गोष्ट आरसीसीबी नावाच्या स्विचची; जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. घरात एमसीबी आहे म्हणून पुष्कळ जण निश्चिंत असतात. तो गैरसमज आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. तो ६, १० वा १६ अँपिअरपलीकडे प्रवाह गेला तरच पडतो, आणि माणूस तर त्याच्या शंभराव्या भागानेही मरू शकतो. आरसीसीबी मात्र घरात आलेला प्रवाह आणि परत गेलेला प्रवाह यांची तुलना सतत करीत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कोठेतरी जमिनीत वा माणसाच्या देहात वाट काढते आहे असे दिसले, की तो क्षणाच्या अंशात पुरवठा तोडतो. त्यावर चाचणीचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. स्विच पडला तर ठीक, न पडला तर वायरमनला बोलवावे. कोणाचा आरसीसीबी वारंवार पडू लागला तर त्याला "हा उगाच त्रास देतो" म्हणून काढून टाकणारेही मी पाहिले आहेत. तो त्रास देत नसतो. तो काहीतरी सांगत असतो.

हे सर्व असूनही पाणी भरण्यापूर्वी स्विच बंद करून प्लग भिंतीतून बाहेर काढावा. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये स्विच चुकीच्या तारेवर बसवलेला असू शकतो. पाण्याची पातळी बोट बुडवून पाहू नये. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, तेव्हा काठीने पाते ढकलून त्याला चालना देण्याची आपल्याकडे सवय आहे. तो कंडेन्सर खराब झाल्याचा किंवा व्होल्टेज उतरल्याचा इशारा असतो. अशा स्थितीत मोटर जळते. कंडेन्सर बदलणे फार खर्चाचे काम नाही. आणि कोणाला शॉक लागलाच तर त्याला हाताने ओढू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा; ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर सारावी. श्वास बंद असेल तर छातीवर दाब देण्यास लगेच सुरुवात करावी आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे आपल्या तरुण मंडळांनी एकदा शिकून घ्यावे.

पाण्याविषयीही थोडे लिहायला हवे. आपल्याकडील बोअरवेलचे पाणी बहुतेक ठिकाणी क्षारयुक्त आहे. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात, आणि टाकीतले उरलेले पाणी दिवसेंदिवस अधिक क्षारयुक्त होत जाते. तेच मग ताट्यांवर पांढरा थर होऊन बसते, पंपाची जाळी बुजवते आणि नळीची भोके बंद करते. ताटीचा एक भाग कोरडा राहिला की तेथून गरम हवा सरळ आत येते. वुडवूलच्या ताट्या दर उन्हाळ्याला बदलाव्या लागतात. मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी पुठ्ठ्याची ताटी काही हंगाम टिकते, पण क्षारांनी तिची छिद्रे बुजली की तीही टाकाऊच. वाळ्याची ताटी महाग, पण तिचा सुगंध मात्र दुसऱ्या कशात नाही.

क्षारांवरचा उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करणे. आणि हेच एक काम डेंग्यूवरचाही उपाय ठरते. डेंग्यूचा एडिस डास घरातल्या साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे सांगतो. परंतु नुसते पाणी ओतून टाकल्याने काम होत नाही. ही डासीण अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीवर. ती अंडी कोरडी होऊन कित्येक महिने जिवंत राहू शकतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. म्हणून टाकीच्या भिंती ब्रशने घासल्या पाहिजेत. गडचिरोलीतील आपल्या कुटुंबांना मलेरियाची आणि मच्छरदाणीची सवय आहे. पण मलेरियाचा डास रात्री चावतो, तर एडिस दिवसा. मच्छरदाणी येथे अपुरी पडते. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिन आपल्या भर उन्हाळ्यात येतो, ते आपल्यापुरते सोयीचेच आहे.

पाण्याचा आणखी एक हिशेब आहे. मोठा कूलर भर दुपारी तासाला चार-पाच लिटर पाणी सहज पितो. दिवसाचे दहा तास धरले तर चाळीस-पन्नास लिटर झाले, म्हणजे तीन-चार घागरी. ज्या घरी हे पाणी हातपंपावरून डोक्यावर येते, तेथे गळणारी टाकी म्हणजे घरच्या बाईच्या मानेवरचा भार. डांबर वा एम-सील लावून गळती थांबवणे हे काम तिच्यावर न सोडता घरातल्या पुरुषांनी करावे.

वातानुकूलन यंत्र, म्हणजे एसी, आता शहरातील अनेक घरांत आला आहे. त्याविषयी थोडक्यातच लिहितो. आतली जाळी उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा नळाखाली धुवावी. कोळशाच्या धुळीने चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस परिसरात ती फार लवकर भरते. बाहेरचे यंत्र वर्षातून एकदा जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावे आणि त्याच्यासमोर हवेची वाट मोकळी ठेवावी. जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर लावलेलेच मिळतात. ते १८ वर आणल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त वीज अधिक जळते.

हिवाळ्याचा प्रश्न आपल्याकडे लहान वाटतो, पण जंगलपट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच बोचऱ्या असतात. तेव्हा घरात कोळशाची शेगडी येते, विशेषतः बाळंतिणीच्या खाटेजवळ. दारे-खिडक्या घट्ट लावून शेगडी पेटवली तर कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यामुळे आधी डोके दुखते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. बाळाला ऊब हवीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचे जे काम उभे केले, त्यात बाळाला उबदार ठेवणे हा महत्त्वाचा भाग होता. पण ही ऊब आईच्या अंगाची, टोपीची आणि कोरड्या गुंडाळीची असावी. शेगडी लावायचीच तर खिडकी चार बोटे उघडी ठेवावी आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर नेऊन ठेवावी. न्हाणीघरातील गॅस गीझरलाही हाच नियम लागू आहे. बादलीत टाकायचा पाणी तापवण्याचा रॉड तर कूलरचाच भाऊ. स्विच बंद करून तो बाहेर काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये.

जून महिन्याविषयी मुद्दाम शेवटी लिहितो आहे, कारण तेव्हा कोणाला कूलरची आठवण राहत नाही. मृगाचा पहिला चांगला पाऊस पडतो, हवा गार होते, शेतीची धावपळ सुरू होते आणि कूलर खिडकीत तसाच राहतो, अर्ध्या टाकी पाण्यासह. पुढचे चार महिने त्यात पावसाचे पाणी भरत राहते. डेंग्यूचा खरा हंगाम तोच. पत्रा गंजतो तो तेव्हा, पंपाचा लेप पाण्यात फुगतो तो तेव्हा, वायरीचे आवरण कुजते तेही तेव्हाच. मार्चमध्ये आपल्याला जे दोष सापडतात, त्यांतील बहुतेक आदल्या पावसाळ्यात तयार झालेले असतात. मार्चची तपासणी टाळता येत नाही, पण जूनची अर्ध्या दिवसाची मेहनत तिचे काम निम्म्याहून कमी करते.

तेव्हा पावसाची एक झड होऊन गेली की एखाद्या रविवारी मिस्सेनंतर हे काम उरकावे. प्लग काढून कूलर खिडकीतून उतरवावा. टाकी ओतून, भिंती ब्रशने घासून, क्षार असतील तर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने धुऊन ती उन्हात पूर्ण सुकवावी. जुन्या वुडवूलच्या ताट्या जाळाव्यात वा शेणखतात टाकाव्यात, त्या पडवीत ठेवू नयेत. विंचू आणि साप त्यांतच राहतात. गंज लागलेल्या जागी लाल ऑक्साइडचा हात द्यावा, मोटरच्या बुशमध्ये दोन थेंब तेल सोडावे. पंप काढून पुसावा, कापडात गुंडाळावा आणि उंदीर पोहोचणार नाही अशा डब्यात ठेवावा. त्या डब्यात एक चिठ्ठीही टाकावी, कारण मार्चपर्यंत आपण सर्व विसरून गेलेलो असतो. आमच्या डब्यातील गेल्या वर्षीची चिठ्ठी अशी होती : "पंपाची वायर बदलणे. जेवणघरातील सॉकेटचे अर्थिंग पुन्हा तपासणे. उजवीकडची ताटी अर्धा इंच मोठी आणणे."